खिशातला खडा



माझ्या कार्यालयातल्या टेबलावर एक खडा असे. लहान लिंबाएवढा, एका अंगाने तांबडा, दुसऱ्या अंगाने पिवळसर, मधून एक पांढरी रेघ गेलेली. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी तो पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवीत असे. गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले प्रमाणपत्रांवर सही घ्यायला आली होती. त्यांतल्या एकाने तो खडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारले, "फादर, हा कुठून आणला?"

मी म्हणालो, "अमेरिकेतून."

मुले खूश झाली. खडा सगळ्यांच्या हातांतून फिरला आणि पुन्हा पत्रांवर येऊन बसला. उत्तर खोटे नव्हते, पण ते पुरतेही नव्हते. 'आणला' आणि 'उचलला' या दोन शब्दांत जे अंतर आहे ते मी त्या मुलांपासून लपवले. म्हणून पुरते उत्तर आज इथे देत आहे. मुलांनी वाचावे आणि मोठ्यांनीही वाचावे, कारण प्रश्न एका खड्यापुरता नाही.

२०१८ च्या जून महिन्यात मी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात होतो. तिथले एक धर्मगुरू रजेवर गेले होते, त्यांच्या जागी महिनाभर मिस्सा अर्पण करण्याचे काम माझ्याकडे होते. फिनिक्स शहरात राहणाऱ्या मूळच्या अकोल्याच्या एका कुटुंबाशी तिथे ओळख झाली. एका सोमवारी ते मला गाडीने पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान दाखवायला घेऊन गेले. या नावाचा अर्थ 'दगड झालेले अरण्य'.

अरण्य म्हणावे तर तिथे एकही मोठे झाड उभे नाही. नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडा माळ. काही भागांत मातीचे उघडे डोंगर आहेत, त्यांवर तांबडे, जांभळे, राखाडी पट्टे एकावर एक चढलेले. त्या भागाला पेंटेड डेझर्ट, म्हणजे रंगवलेले वाळवंट, म्हणतात. आणि त्या माळावर झाडांचे ओंडके पडलेले आहेत. दुरून पाहिले तर नुकतीच कुणी लाकूडतोड केली असावी असे वाटते. साल दिसते, गाठी दिसतात. जवळ जाऊन हात लावला की गार दगड हाताला लागतो.

हे कसे झाले, ते थोडक्यात सांगतो. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी तिथे नद्या वाहत होत्या आणि उंच झाडे होती. पुरात वाहून आलेले ओंडके गाळाखाली गाडले गेले. त्या गाळात ज्वालामुखीची राखही होती. हवा न लागल्याने लाकूड लवकर कुजले नाही. राखेतली सिलिका भूजलात विरघळली, ते पाणी लाकडात मुरले आणि कणाकणाने लाकडाची जागा गारगोटीने घेतली. लोह आणि इतर खनिजांनी तिला तांबडा, पिवळा, काळा रंग दिला. आपल्या वऱ्हाडचा काळा दगड लाव्हा थंड होऊन तयार झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपली जमीन घडली तेव्हा त्या झाडांचा दगड होऊन युगे लोटली होती.

माणूस तिथे पोहोचल्यावर मात्र फार वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली आणि लोक गाड्या भरून हे दगडी लाकूड नेऊ लागले. पोकळ ओंडक्यांतले जांभळे स्फटिक काढण्यासाठी सुरुंग लावून ओंडके फोडले गेले. उद्यानातल्या एका भागाचे नाव आजही 'क्रिस्टल फॉरेस्ट' आहे, पण ज्या स्फटिकांवरून ते नाव पडले ते बहुतेक तेव्हाच लुटले गेले. अखेर ८ डिसेंबर १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या जागेला संरक्षण दिले आणि १९६२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली.

आता तिथून एक कपचीही उचलायला बंदी आहे. हे मला माहीत नव्हते असे म्हणायला जागा नाही. पाट्या वाचता येत होत्या आणि मी त्या वाचल्या होत्या. दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. उद्यानाबाहेर, होलब्रूक गावाच्या दुकानांत असाच दगड विकत मिळतो. खासगी जमिनीतून काढलेला, कायदेशीर. लहान तुकड्याला फार पैसे पडत नाहीत. म्हणजे मला खडा हवा होता आणि परवडत नव्हता, असेही नव्हते.

क्रिस्टल फॉरेस्टच्या वाटेवर बुटाची नाडी बांधायला मी वाकलो. बरोबरचे लोक थोडे पुढे गेले होते. वाटेच्या कडेला तो खडा होता. नाडी बांधून उठलो तेव्हा तो खिशात होता.

संध्याकाळी बाहेर पडताना फाटकावर गाडी थांबली. रक्षकाने हसतमुखाने विचारले, "उद्यानातले काही लाकूड, काही दगड बरोबर आहे का?" गाडी चालवणारे म्हणाले, "नाही." तिने माझ्याकडे पाहिले. मीही म्हणालो, "नाही."

भारतात परतण्यापूर्वी मी प्रायश्चित्त संस्कार घेतला. खोटे बोलल्याचे पाप सांगितले. खड्याचे सांगायचे राहिले. खरे तर राहिले नाही. मला ते सांगण्याइतके मोठे वाटले नाही.

इथे प्रश्न सुरू होतो. एक खडा उचलला तर असे काय बिघडते?

नागपूरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला एक जुने कोडे घालीत. ते युब्युलिडीस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. धान्याची रास घ्या. तिच्यातून एक दाणा काढला तर रास रासच राहते. आणखी एक काढला तरी राहते. मग ती रास संपते तरी कोणत्या दाण्याला? कोणताही एक दाणा दोषी ठरत नाही आणि शेवटी खळे रिकामे होते. प्रत्येक उचलणाऱ्याला आपला दाणा हिशेबात न येणारा वाटतो.

यावर जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांचे उत्तर आम्ही पाठ केले होते. तू जे करतोस तो सर्वांसाठी नियम झाला तर चालेल का, हे स्वतःला विचार. सगळ्यांनीच एकेक खडा उचलला तर अरण्य उरेल का? नाही. मग तूही उचलू नकोस. ख्रिस्तसभेनेही लहान चोऱ्यांकडे डोळेझाक केलेली नाही. लहान लहान चोऱ्यांतून कितीही मोठी रक्कम जमली तरी ती परत करण्याचे गंभीर बंधन नाही, असे काही जण शिकवीत होते. पोप अकरावे इनोसंट यांच्या काळात, १६७९ मध्ये, ते मत अधिकृतपणे धिक्कारण्यात आले.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण परत आल्यावर मी त्या उद्यानाविषयी आणखी वाचले आणि माझे सरळ उत्तर डळमळले. दरवर्षी कित्येक टन लाकूड चोरीला जाते असे अनेक वर्षे सांगितले जात होते. नंतर तिथल्या अभ्यासकांनी जुनी छायाचित्रे घेतली, त्याच जागी उभे राहून नवी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. बहुतेक ठिकाणी ओंडके आणि तुकडे जिथल्या तिथे होते. रास फारशी कमी झालेली नव्हती. बहुसंख्य माणसे पाटी वाचतात आणि खडा जागेवर ठेवून निघून जातात.

मला क्षणभर बरे वाटले. म्हणजे माझ्या खड्याने खरोखरच काही बिघडले नाही! मग लगेच लक्षात आले की मी आजवर चुकीच्या दाराशी उभा होतो. नुकसान किती झाले यावरच सारे ठरत असेल, तर इतर हजारो माणसांच्या प्रामाणिकपणामुळे मी निर्दोष ठरतो. त्यांनी खडे उचलले नाहीत म्हणून माझा एक खपून जातो. याचा अर्थ मी उद्यानाचे तर घेतलेच, पण त्या माणसांच्या संयमावरही फुकट जगलो. रांगेत नव्वद माणसे उभी आहेत म्हणून मध्ये घुसणाऱ्याला वाट मिळते, तसे हे झाले.

त्याच उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला होता. वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय असा होता की आजवर पुष्कळ लोकांनी इथून लाकूड नेले आणि त्यामुळे अरण्याची स्थिती बदलली. दुसरीवर फक्त विनंती होती की कृपया नेऊ नका. पहिली पाटी असताना शंभरातले जवळजवळ आठ तुकडे गेले. दुसरी असताना दोनही गेले नाहीत. चोरी थांबवायला लावलेल्या पाटीनेच चोरी वाढवली, कारण माणसाने तिच्यातून एवढेच वाचले की सगळेच नेतात.

बंधुभगिनींनो, ही पाटी आपल्या गावोगावी लागलेली आहे. ती लाकडाची नसते, आपल्या तोंडची असते. नदीतली रेती सगळेच उपसतात. तारेवर आकडा सगळेच टाकतात. शेजाऱ्याचा धुरा नांगरटीच्या वेळी वितभर सगळेच कोरतात. कार्यालयात पाकीट सगळेच घेतात. आपण हे चहाच्या टपरीवर हळहळून बोलतो. आपल्याला वाटते, आपण अन्यायाचा निषेध करीत आहोत. पण ऐकणाऱ्या पोराच्या कानी इतकेच पडते की जगाची रीत अशीच आहे. आणि बहुतेक वेळा ते खरेही नसते. धुरा न कोरणारे शेतकरी जास्त आहेत. त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही, एवढेच.

आता त्या उद्यानातली ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला ती सांगतो. १९३० च्या दशकापासून तिथे टपालाने दगड परत येत आहेत. सोबत पत्रे असतात. उद्यानाने ती जपून ठेवली आहेत, त्यांची संख्या हजारावर आहे. कुणी बालपणी उचललेला तुकडा म्हातारपणी परत करतो. कुणी वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटात सापडलेला पाठवतो. अनेकांनी लिहिले आहे की हा दगड घरात आल्यापासून आमचे वाईट होत आहे. आजारपण आले, गाडीला अपघात झाला, संसार मोडला. कृपा करून हा परत घ्या.

दगडाला शाप असतो असे मी मानत नाही आणि तुम्हीही मानू नये. पण ही पत्रे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. ख्रिस्तसभा पश्चात्तापाचे दोन प्रकार सांगते, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. शिक्षेच्या भीतीने होणारा पश्चात्ताप अपूर्ण, आणि प्रेमापोटी होणारा पूर्ण. अपूर्ण असला तरी तो टाकाऊ नाही. भीतीने का होईना, माणूस पोस्टापर्यंत चालत गेला. मी तर तिथपर्यंतही गेलो नव्हतो.

पण पुढचा भाग अवघड आहे. परत आलेले हे दगड पुन्हा अरण्यात ठेवता येत नाहीत. दगड नेमका कुठे होता, कोणत्या थरात होता, हे आता कुणाला ठाऊक नसते. भलत्या जागी ठेवला तर पुढच्या अभ्यासकाला तो भलतेच सांगेल. म्हणून परत आलेले दगड एका आडवाटेला ढीग करून ठेवलेले आहेत. तिथले लोक त्याला 'सदसद्विवेकाचा ढीग' म्हणतात. दगड उद्यानात पोहोचले आहेत, पण घरी पोहोचलेले नाहीत.

हे वाचले तेव्हा मला नीट कळले नाही की त्यात एवढे दुःखाचे काय आहे. दगड तोच, उद्यान तेच, शे-दोनशे पावले इकडेतिकडे. ते मला कळले ते अमेरिकेत नव्हे, तर आपल्या रिद्धपूरला.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. येता-जाता फाटा लागतो. २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ तिथे आले तेव्हापासून नावही पुष्कळांच्या तोंडी आहे. महानुभाव पंथीयांची ती काशी. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू तिथे राहत होते, ज्यांना श्रीचक्रधर स्वामींनी गुरू मानले. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तिथेच बसून लिहून काढल्या. तोच लीळाचरित्र हा ग्रंथ, मराठी गद्याचा पाया. पुढे पंथात स्थानपोथी नावाचा ग्रंथही झाला. त्यात स्वामी कुठे बसले, कुठे राहिले, त्या जागेचे दार कोणत्या दिशेला होते, असे सारे नोंदवले आहे.

माझे एक मित्र, निवृत्त शिक्षक, त्या पंथाचे आहेत. त्यांच्याबरोबर मी रिद्धपूरला गेलो. तिथे ठिकठिकाणी ओटे आहेत. जिथे त्यांच्या श्रद्धेनुसार परमेश्वर अवतार बसला, उभा राहिला, निजला, तिथे तिथे लहानसा ओटा बांधलेला. येणारा त्यावर कपाळ टेकवतो. मी बाजूला उभा होतो. बाहेर आल्यावर मी गुरुजींना मोकळेपणाने विचारले, "गुरुजी, तुम्ही मूर्तीला देव मानत नाही, मग दगडाला नमस्कार कसा?"

गुरुजी म्हणाले, "दगडाला नाही, फादर. संबंधाला."

मग त्यांनी सांगितले की त्यांच्या घरी आजीपासून चालत आलेला एक लहान पाषाण आहे. अशा एखाद्या स्थानाशी संबंध आलेला, म्हणून 'संबंधी पाषाण'. तो आजीला तिच्या गुरूंनी दिला होता. कुठल्या स्थानाचा, कुणी दिला, केव्हा दिला, हे घरातल्या प्रत्येक मुलाला सांगून ठेवलेले आहे. "ते सांगता आले नाही," गुरुजी म्हणाले, "तर तो नदीतला गोटा."

आपली श्रद्धा आणि गुरुजींची श्रद्धा एक नाही, आणि एक आहे असे दाखवण्याची गरजही नाही. पण ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या वेदींत संतांचे अवशेष ठेवण्याची परंपरा प्राचीन आहे. पवित्र भूमीची यात्रा करून आलेले लोक चिमूटभर माती आणतात, लूर्दचे पाणी आणतात. त्या मातीत आणि पाण्यात आपण काय जपतो? संबंधच. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या कायद्यात पवित्र अवशेषांची विक्री पूर्ण निषिद्ध आहे. संबंध देता येतो, सांभाळता येतो, विकता येत नाही. आणि माझ्या बाबतीत जे महत्त्वाचे होते ते हे की तो उचलूनही नेता येत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होतो. गुरुजींच्या घरी एक दगड आहे आणि माझ्या टेबलावर एक दगड आहे. दोन्ही आपल्या जागेवरून हललेले. फरक इतकाच की त्यांचा दगड दिलेला आहे आणि माझा घेतलेला. दिलेला दगड आपल्याबरोबर आपले ठिकाण घेऊन येतो, देणाऱ्याचे नाव घेऊन येतो. तो कुठला हे कुणी विचारले तर घरातले मूल अभिमानाने सांगते. घेतलेल्या दगडाविषयी विचारले की माझ्यासारख्या माणसालाही अर्धेच उत्तर सुचते. मी अरण्याचा तुकडा आणला असे समजत होतो. प्रत्यक्षात मी तो अरण्यातून तोडला, त्या क्षणी तो अरण्याचा राहिलाच नाही. खडा माझ्याकडे आला, ठिकाण आले नाही. त्याची अडवणूक पाट्यांनी केली होती ती उगीच नव्हती.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली पेअर फळांची चोरी सांगितली आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली त्यांनी डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर त्या थोर माणसाने इतकी पाने का खर्च करावीत, असे सेमिनरीत आम्हां तरुणांना वाटे. आता वाटत नाही. गरजेने केलेल्या चोरीला निदान कारण असते. होलब्रूकच्या दुकानात विकत मिळणारा खडा मी उचलला, तेव्हा मला खडा नको होता. नियम माझ्यासाठी थोडा वाकतो, हे मला हवे होते.

प्रभू येशू वाळवंटात चाळीस दिवस राहिला, त्यानंतरचा पहिला मोह दगडाचाच होता, हे आठवून पाहा. भूक लागली होती, दगड समोर होते, सामर्थ्य अंगी होते. त्याने दगडाला दगडच राहू दिले. जे समोर आहे ते माझ्या उपयोगाचे झालेच पाहिजे, असे नाही. दरवर्षी उपवासकाळात मी यावर प्रवचन करतो. क्रिस्टल फॉरेस्टच्या वाटेवर त्यातले एक वाक्यही मला आठवले नाही.

मग आता काय करावे? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की दुसऱ्याचे अन्यायाने घेतलेले परत करणे हे बंधन आहे. ते टाळून तारण नाही. पापक्षमा मिळाली म्हणजे परतफेड माफ झाली असे नव्हे. पण परत केलेला दगड तर ढिगातच जाणार. त्याचा उद्यानाला उपयोग नाही. उलट तिथल्या माणसाला तो उघडण्याचे, ठेवण्याचे काम. मग पाठवून काय साधणार? हा युक्तिवाद मी स्वतःशी बराच काळ केला, आणि तो मला फार सोयीचा होता. शेवटी त्यातली खोच लक्षात आली. मी मोडलेली वस्तू मालकाच्या उपयोगाची राहिली नाही, एवढ्याने ती माझी होत नाही. ढिगात टाकायचे की फेकून द्यायचे, हे ठरवणे त्यांचे काम आहे. माझे काम ती माझ्या टेबलावरून काढणे.

आपल्या घरांतही असे असते. बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली. ती काही बोलली नाही. आपण म्हणतो, तिने दिले. खरेच दिले, की माहेर तुटू नये म्हणून गप्प राहिली? दिलेले आणि घेतलेले यांतला फरक कागदावर दिसत नाही. तो आपल्याला माहीत असतो आणि तिला माहीत असतो. आज वीस वर्षांनी तो हिस्सा तिला देऊ केला तर गेलेली वीस वर्षे भरून निघणार नाहीत. मुलांची शिक्षणे होऊन गेली, कर्ज काढून लग्ने झाली. कुणाविषयी बोललेला खोटा शब्द मागे घेतला तरी तो ज्या कानांत गेला तिथून निघत नाही. बहुतेक चुकांचे असेच होते. वस्तू परत करता येते, जागा परत करता येत नाही. म्हणून परत करायचेच नाही, हा निष्कर्ष मात्र आपला आपण काढलेला असतो. ज्याचे घेतले त्याने तो काढलेला नसतो. बहिणीला विचारून पाहा.

गेल्या मंगळवारी मी खडा टपालाने पाठवला. पाठवायला लागलेल्या पैशांत होलब्रूकच्या दुकानातून मूठभर खडे सहज आले असते. सोबत पत्र लिहिले. माझे काही वाईट झाले म्हणून नव्हे, हे त्यात स्पष्ट केले. २०१८ च्या जूनमध्ये, क्रिस्टल फॉरेस्टच्या वाटेवर, डाव्या बाजूला, पहिल्या वळणापुढे मी हा उचलला, असे जितके आठवते तितके नेमके लिहिले. एवढ्याने तो जागेवर जाणार नाही. पण त्याच्याविषयी जे खरे आहे ते तरी त्याच्याबरोबर जावे. शेवटी लिहिले की फाटकावर मला विचारले गेले होते आणि मी "नाही" म्हणालो होतो. मी धर्मगुरू आहे, हेही लिहिले. ते लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. आणि या वेळी प्रायश्चित्त संस्कारातही खडा सांगितला.

पत्रांवर आता एक साधा पितळी वजनाचा तुकडा आहे, बाजारातून विकत घेतलेला. मुलांनी विचारले तर पावतीही दाखवता येईल.

तुमच्या घरी असा एखादा कप्पा असेल, तर या आठवड्यात तो एकदा उघडून पाहा. मी काय सापडले ते विचारणार नाही. ज्याचे आहे त्याला सांगा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू